विश्लेषण : ‘सिमरॉन’ दोनदा पडद्यावर आला आणि दोन्ही वेळा तोट्यात गेला, तो कसा?

हॉलिवूडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर अर्थात एमजीएम या कंपनीने डिसेंबर १९६० मध्ये ‘सिमरॉन’ प्रदर्शित केला, तेव्हा त्याच्या यशाविषयी शंका घ्यावी असे वरकरणी काहीच दिसत नव्हते. कथा एडना फर्बर यांच्या लोकप्रिय कादंबरीवरची होती. त्याच कादंबरीवर १९३१ मध्ये निघालेल्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळालेले होते. दिग्दर्शनाची जबाबदारी अँथनी मान यांच्याकडे होती आणि वेस्टर्न चित्रपटांत त्यांच्या तोडीचे दिग्दर्शक त्या काळी मोजकेच होते. नायक ग्लेन फोर्ड, नायिका युरोपातून आलेल्या नामवंत अभिनेत्री मारिया शेल, जोडीला रंग, रुंद पडदा आणि सुमारे ५४ लाख डॉलरचा खर्च. हिशेब पूर्ण झाला तेव्हा कंपनीच्या वहीत सुमारे ३६ लाख डॉलरचा तोटा नोंदवला गेला.

नव्या चित्रपटाला आपटी खाताना पाहून जुन्याची थोरवी गाण्याचा मोह अशा वेळी होतो. परंतु जुना, ऑस्करविजेता ‘सिमरॉन’ही पहिल्या प्रदर्शनात तोट्यातच गेला होता. एकाला समीक्षकांनी डोक्यावर घेतले, दुसऱ्याला नाकारले. पैसे मात्र दोघांनीही बुडवले. रिमेकचे यशापयश नेमके कशाने मोजायचे, हा प्रश्न दर शुक्रवारी कोटींचे आकडे वाचणाऱ्या भारतीय प्रेक्षकालाही अपरिचित नाही. ‘सिमरॉन’च्या बाबतीत दोन्ही स्टुडिओंच्या हिशेबांची नोंद अभ्यासकांच्या हाती लागली असल्याने त्याचे उत्तर अंदाजावर न सोडता शोधता येते.

प्रथम एक खुलासा. ‘वेस्टर्न’ म्हणजे येथे पाश्चात्त्य नव्हे. अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर, प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडणाऱ्या, घोडेस्वार, वस्त्या, जमिनीचे वाद आणि बंदुका यांच्या कथांना हॉलिवूडमध्ये हे नाव आहे. ‘शोले’ ज्या परंपरेचा ऋणी आहे ती हीच. तिच्यातील प्रणयप्रधान उपशाखेत नायक-नायिकेचा संसार किंवा विरह केंद्रस्थानी असतो आणि सरहद्द ही त्या नात्याची कसोटी ठरते. ‘सिमरॉन’ या उपशाखेतला आहे.

जमीन, संसार आणि वर्तमानपत्र

कथेचा आरंभ २२ एप्रिल १८८९ या दिवशी होतो. आजच्या ओक्लाहोमा राज्याच्या मध्यभागी असलेली सुमारे २० लाख एकर जमीन अमेरिकी सरकारने त्या दिवशी वसाहतीसाठी खुली केली. भर दुपारी बारा वाजता इशारा झाला आणि सीमारेषेवर थांबलेले सुमारे ५० हजार लोक घोडे, बग्ग्या, छकडे, जे मिळेल त्यावर स्वार होऊन आत घुसले. जो आधी पोहोचून खुंटी ठोकेल त्याचा तुकडा. ही ऐतिहासिक घटना ‘लँड रश’ म्हणून ओळखली जाते.

या धावपळीत यान्सी क्रॅव्हाट हा वकील आणि पत्रकार उतरतो. हवा असलेला तुकडा डिक्सी ली ही स्त्री त्याच्या हातून हिसकावून घेते. मग तो पत्नी सॅब्रा हिच्यासह ओसेज नावाच्या काल्पनिक गावात वर्तमानपत्र काढतो. यान्सी उदार आहे, धाडसी आहे, दुबळ्यांची बाजू घेणारा आहे. पण एका जागी टिकणारा नाही. नवी जमीन खुली झाली की तो घर सोडून निघतो आणि वर्षानुवर्षे परतत नाही. मागे राहिलेली सॅब्रा वर्तमानपत्र चालवते, मुले वाढवते आणि पाहता पाहता गावातील सर्वांत कर्तबगार व्यक्ती होते.

फर्बर यांची ही कादंबरी १९३० मध्ये अमेरिकेत वर्षातील सर्वाधिक खपाची ठरली. ‘सो बिग’ या कादंबरीसाठी त्यांना १९२५ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. स्वतः फर्बर यांना हे पुस्तक प्रेमकथा म्हणून वाचले गेल्याचे शल्य होते. अमेरिकी स्त्रीत्वाच्या तथाकथित विजयावर आणि भावविवशतेवर आपण उपहास लिहिला आणि वाचकांनी तो गौरव म्हणून घेतला, अशी तक्रार त्यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदवली. दोन्ही चित्रपटांचे भवितव्य समजून घेताना हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण दोन्ही वेळा पडद्यावर गौरवच आला, उपहास आला नाही.

पहिला जन्म : टाळ्या आणि तूट

आरकेओ या तुलनेने नव्या स्टुडिओने १९३१ च्या चित्रपटावर सुमारे १४ लाख ३३ हजार डॉलर खर्च केले. कंपनीने तोवर कोणत्याही चित्रपटावर एवढी रक्कम लावली नव्हती. दिग्दर्शक वेस्ली रगल्स यांनी लँड रशचे दृश्य सुमारे पाच हजार सहकलाकार आणि २८ कॅमेरामन घेऊन चित्रित केले. बोलपट येऊन जेमतेम तीन-चार वर्षे झाली होती. ध्वनिमुद्रणाच्या अडचणींमुळे कॅमेरा स्टुडिओच्या चार भिंतींत अडकून पडला होता. तो पुन्हा मोकळ्या माळावर आला आणि टापांचा, चाकांचा, आरोळ्यांचा आवाज प्रेक्षकांच्या कानांवर पडला, याचे अप्रूप त्या काळातील समीक्षणांत जागोजागी दिसते. न्यूयॉर्कच्या प्रमुख दैनिकांनी चित्रपटाची मनःपूर्वक प्रशंसा केली.

नोव्हेंबर १९३१ मधील ऑस्कर सोहळ्यात ‘सिमरॉन’ला सात नामांकने होती, सर्वोत्कृष्ट चित्रपट, रूपांतरित लेखन आणि कलादिग्दर्शन असे तीन पुरस्कार त्याने मिळवले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळवणारा हा पहिला वेस्टर्न. पुढचा वेस्टर्न त्या व्यासपीठावर येण्यासाठी १९९० च्या ‘डान्सेस विथ वुल्व्ज’ची वाट पाहावी लागली.

तिकीटबारीवर मात्र चित्र निराळे होते. चित्रपट लोकांनी पाहिलाच नाही असे नव्हे. आरकेओच्या वाट्याला त्यातून सुमारे १३ लाख ८३ हजार डॉलर आले. त्या वर्षीच्या मानाने ही रक्कम चांगली होती. पण महामंदीने चित्रपटगृहे ओस पडू लागली होती आणि निर्मितीखर्चच मुळात एवढा होता की पहिल्या प्रदर्शनाअखेर ५ लाख ६५ हजार डॉलरची तूट उरली. जानेवारी १९३३ मध्ये आरकेओ कंपनी न्यायालयनियुक्त व्यवस्थापनाखाली गेली. त्याला एकटा ‘सिमरॉन’ कारणीभूत नव्हता, पण ऑस्करच्या बाहुलीने कर्ज फिटत नाही, हे स्टुडिओला पुरेसे कळले असावे.

येथे वाचकाला एक प्रश्न पडायला हवा. खर्च १४ लाख ३३ हजार, उत्पन्न १३ लाख ८३ हजार. मग तूट ५० हजारांची हवी. ती ५ लाख ६५ हजार कशी?

आकड्यांच्या आत काय असते

प्रेक्षक तिकीटखिडकीवर जे पैसे देतो, त्यातला एक भाग चित्रपटगृहचालक ठेवून घेतो. उरलेला भाग वितरकाकडे येतो. हॉलिवूडच्या परिभाषेत त्याला ‘रेंटल’ म्हणतात. आपल्याकडील चित्रपटव्यवसायातही ‘ग्रॉस’, करवजा ‘नेट’ आणि वितरकाचा ‘शेअर’ असे तीन वेगळे आकडे असतात. पोस्टरवर बहुधा पहिला झळकतो आणि निर्मात्याची झोप तिसऱ्यावर अवलंबून असते. स्टुडिओच्या वहीतले उत्पन्न हे सहसा या तिसऱ्या प्रकारचे असते.

परंतु वितरकाकडे आलेला पैसाही पुरता निर्मितीखर्चाच्या खात्यात जात नाही. शेकडो प्रती काढणे, त्या देशोदेशी पाठवणे, जाहिराती, वितरणशाखांचे पगार, हे सारे आधी वजा होते. त्यामुळे चित्रपटाला केवळ खर्चाएवढे उत्पन्न मिळाले, तर तो बरोबरीत सुटला असे होत नाही. तो तोट्यात असतो.

१९६० च्या ‘सिमरॉन’ला हेच सूत्र लावून पाहू. निर्मितीखर्च सुमारे ५४ लाख डॉलर. अमेरिका आणि कॅनडातून कंपनीला मिळाले सुमारे २३ लाख, उर्वरित जगातून सुमारे २५ लाख. एकूण ४८ लाखांच्या आसपास. वरवर पाहता सहा लाखांची तूट. प्रत्यक्षात ३६ लाखांहून अधिक, कारण प्रती, जाहिरात आणि वितरण यांचा मोठा बोजा त्यावर होता. भव्य चित्रपटाची जाहिरातही भव्यच करावी लागते. चित्रपट चालत नाही असे दिसू लागले की ती वाढवण्याचा मोह होतो, आणि तूट आणखी रुंदावते.

या आकड्यांतील आणखी एक गोष्ट नजरेतून सुटू नये. अमेरिकेच्या भूमीवरची, अमेरिकेच्या घडणीची ही कथा अमेरिका आणि कॅनडापेक्षा बाहेरच्या जगात थोडी अधिक चालली. परदेशी बाजारपेठ एमजीएमने फार आधीपासून बांधली होती. मुंबईत धोबी तलावाजवळचे १९३८ सालचे ‘मेट्रो’ आणि त्याआधीचे कोलकात्यातील चौरंगीवरचे ‘मेट्रो’ ही चित्रपटगृहे या कंपनीनेच उभारलेली. बाहेरच्या प्रेक्षकाला वेस्टर्न म्हणजे विस्तीर्ण माळ आणि दौडणारे घोडे हवे होते. घरच्या प्रेक्षकाला मात्र ते घोडे रोज संध्याकाळी दिवाणखान्यात फुकट दिसत होते. १९६० च्या सुमारास अमेरिकी दूरचित्रवाणीवर ‘गनस्मोक’, ‘वॅगन ट्रेन’, ‘बोनान्झा’ यांच्यासह दोन डझनांहून अधिक वेस्टर्न मालिका सुरू होत्या. त्याच वर्षीचा ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ हाही रिमेकच, अकिरा कुरोसावा यांच्या ‘सेव्हन सामुराई’चा, अमेरिकेत त्याचा आरंभ थंड झाला आणि त्याला खरा हात दिला तो युरोपने.

रिमेक कोणाला हवा होता?

एमजीएमने ‘सिमरॉन’चे हक्क आरकेओकडून १९४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवले होते. ते बाहेर काढले गेले १९५० च्या दशकाअखेर, आणि त्यामागचे कारण ‘बेन-हर’ हे होते. १९२५ च्या मूकपटाचा हा रिमेक १९५९ मध्ये सुमारे दीड कोटी डॉलर खर्चून निघाला, अकरा ऑस्कर घेऊन गेला आणि डबघाईला आलेल्या कंपनीला त्याने वर काढले. व्यवस्थापनाने त्यातून सोपा धडा घेतला : कपाटात जुनी गाजलेली नावे आहेत, ती रंगीत आणि रुंद करून पुन्हा विकावीत. ‘सिमरॉन’ (१९६०), ‘द फोर हॉर्समेन ऑफ द अ‍ॅपॉकॅलिप्स’ (१९६२) आणि ‘म्युटिनी ऑन द बाउंटी’ (१९६२) हे तीन रिमेक लागोपाठ आले आणि तिन्ही तोट्यात गेले. पहिल्या दोहोंत नायक ग्लेन फोर्ड. ‘म्युटिनी’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सात ऑस्कर नामांकने मिळाली, तरी तिचा अवाढव्य खर्च निघाला नाही.

धोरण म्हणून पाहिले तर हा धडा अर्धवट होता. ‘बेन-हर’च्या मूकपटाला ३४ वर्षे झाली होती आणि त्यात आवाजही नव्हता, नव्या पिढीसाठी तो जवळपास नवाच चित्रपट होता. ‘सिमरॉन’च्या बाबतीत मूळ चित्रपट बोलपट होता, त्यातील घोडदौडीची दृश्ये लोकांच्या स्मरणात होती, आणि तशी घोडदौड एव्हाना कित्येक चित्रपटांत येऊन गेली होती. नव्या चित्रपटाने नवे काय द्यायचे, हे आधी ठरायला हवे होते.

दिग्दर्शकाच्या मनात ते ठरलेले असावे. अँथनी मान यांनी जेम्स स्ट्युअर्ट यांना घेऊन ‘विंचेस्टर ७३’, ‘द नेकेड स्पर’, ‘द मॅन फ्रॉम लारामी’ असे वेस्टर्न केले होते. या चित्रपटांतील नायक आतून पोखरलेले, सूडाने पेटलेले असत आणि डोंगर, नदी, कडेकपारी त्यांच्या मनाचा भाग होऊन येत. अशा दिग्दर्शकासाठी प्रत्यक्ष स्थळी चित्रीकरण ही चैन नव्हती, ती त्यांची भाषा होती. अ‍ॅरिझोनात चित्रीकरण सुरू असताना वादळी हवामानाने खोळंबा झाला. निर्माते एडमंड ग्रेंजर आणि स्टुडिओ यांनी उरलेले काम बंदिस्त मंचावर आणण्याचा निर्णय घेतला. बाहेर उभारलेले पुन्हा आत उभारावे लागले आणि त्याने खर्च उलट वाढला, असे मान यांनी नंतर मुलाखतींत सांगितले. चित्रपट पूर्ण होण्याआधी ते बाहेर पडले. उरलेला भाग चार्ल्स वॉल्टर्स यांनी पुरा केला. वॉल्टर्स यांची ख्याती संगीतपट आणि हलक्याफुलक्या चित्रपटांसाठी होती. श्रेयनामावलीत नाव मान यांचेच राहिले, पण पडद्यावर आलेल्या चित्रपटाला त्यांनी आपले मानले नाही.

योगायोग असा की, याच्या थोडे आधी, १९५९ मध्ये, मान यांना ‘स्पार्टाकस’वरूनही दूर करण्यात आले होते आणि तो चित्रपट स्टॅन्ली क्युब्रिक यांच्याकडे गेला होता. १९६० च्या ऑस्करसाठी ‘सिमरॉन’ला दोन नामांकने मिळाली : रंगीत चित्रपटाचे कलादिग्दर्शन आणि ध्वनी. पहिला पुरस्कार ‘स्पार्टाकस’ला गेला, दुसरा ‘द अलामो’ला.

समीक्षकांचे म्हणणे

चित्रपट पाहिल्यावर समीक्षकांचा आक्षेप समजायला वेळ लागत नाही. लँड रशचे दृश्य आजही थरारक आहे. घोडे कोसळतात, छकड्यांची चाके निखळतात, माणसे चिरडली जातात. लोभ आणि आशा यांचा एकच लोंढा अंगावर येतो. पण हे सारे पहिल्या अर्ध्या तासात उरकते आणि त्यानंतर जवळपास दोन तास शिल्लक असतात. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे समीक्षक बॉस्ली क्रॉदर यांनी नेमके याच ठिकाणी बोट ठेवले : घोडदौड संपली की उरते ती सरहद्द सुधारण्याची ठोकळेबाज, भावविवश कहाणी, असा त्यांच्या लेखाचा आशय होता. अन्य समीक्षकांचा सूरही साधारण असाच होता.

पटकथाकार अर्नॉल्ड शुलमन यांच्या रूपांतरात प्रेमकथेला अधिक जागा मिळाली. अ‍ॅन बॅक्स्टर यांनी साकारलेली डिक्सी ही यान्सीची पूर्वीची प्रेयसी म्हणून समोर येते आणि कथेला त्रिकोणाचे रूप येते. त्याचा तोल सॅब्राकडून वसूल झाला. १९३१ च्या चित्रपटात आयरीन डन यांची सॅब्रा अखेरीस अमेरिकी काँग्रेसची सदस्य होते. पूर्वग्रहांनी भरलेली तरुणी ते आपल्या मूलनिवासी सुनेचा जाहीर सन्मान करणारी लोकप्रतिनिधी, असा तिचा प्रवास आहे. नव्या चित्रपटात ही राजकीय कारकीर्द नाही. मारिया शेल यांची सॅब्रा प्रामुख्याने वाट पाहणारी, रडणारी, रुसणारी पत्नी आहे. अभिनेत्रीच्या ताकदीचा हा दोष नव्हे. तिच्या हाती आलेल्या भूमिकेचा आहे. शेवटही बदलला. जुन्या चित्रपटात यान्सी तेलविहिरीवरील कामगारांना वाचवताना प्राण गमावतो आणि सॅब्राच्या मांडीवर मरतो. नव्यात तो पहिल्या महायुद्धात दूर कोठेतरी मरतो आणि घरी वार्ता येते. प्रणयप्रधान म्हणवणाऱ्या चित्रपटाने आपल्या नायक-नायिकेची अखेरची भेटच काढून टाकावी, हे कोडे आजही सुटत नाही.

नव्या चित्रपटाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. १९३१ चा ‘सिमरॉन’ आज पाहताना अवघडायला होते. त्यातील इसाया या कृष्णवर्णीय नोकर मुलाचे चित्रण थट्टेच्या पातळीवरचे आणि अपमानकारक आहे. रिचर्ड डिक्स यांचा अभिनय मूकपटाच्या सवयी घेऊन येतो. हातवारे मोठे, आवाज त्याहून मोठा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळालेल्यांपैकी सर्वांत दुबळे कोणते, अशी चर्चा निघाली की त्याचे नाव हमखास येते. १९६० च्या चित्रपटात मूलनिवासी कुटुंबावर होणारा जमावाचा हल्ला आणि त्यांच्या मुलीला शाळेत नाकारला जाणारा प्रवेश ठसठशीतपणे दाखवला आहे. अमेरिकेत शाळांतील वर्णभेदावरून रणे माजली होती त्या काळी हे प्रसंग तटस्थ नव्हते. मान यांचा हात चित्रपटात कोठे दिसत असेल, तर तो घोडदौडीइतकाच येथेही दिसतो. त्यांच्या चाहत्या समीक्षकांनी पुढे या भागांची दखल घेतली, पण चित्रपटाचे एकूण स्थान त्यामुळे फारसे बदलले नाही.

तीन वर्षे आधी, महबूब स्टुडिओत

‘सिमरॉन’च्या तीनच वर्षे आधी भारतात जवळपास याच जातकुळीचा एक रिमेक निघाला होता. महबूब खान यांनी १९४० मध्ये केलेला कृष्णधवल ‘औरत’ त्यांनीच १९५७ मध्ये रंगीत ‘मदर इंडिया’ म्हणून पुन्हा घडवला. जमीन, घर सोडून गेलेला नवरा, मागे राहून संसार ओढणारी स्त्री. सांगाडा ओळखीचा वाटावा असा. ‘औरत’चे छायाचित्रकार फरिदून इराणी नव्या चित्रपटातही होते आणि दोन्हींत सावकार सुखीलाला कन्हैयालाल यांनीच रंगवला. ‘मदर इंडिया’ तिकीटबारीवर प्रचंड चालला आणि परदेशी भाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्कर नामांकनापर्यंत पोहोचला.

दोहोंतील फरक पैशाचा नव्हता. महबूब खान आपलीच गोष्ट पुन्हा सांगत होते, कारण मधल्या सतरा वर्षांत देश स्वतंत्र झाला होता आणि त्याच आईचा अर्थ बदलला होता. नर्गिस यांची राधा ‘औरत’मधील सरदार अख्तर यांच्या राधेहून मोठी झाली. एमजीएमने याच काळात सॅब्रा लहान केली. कंपनीकडे शीर्षकाचा हक्क होता आणि ‘बेन-हर’चा नफा होता, ती कथा १९६० मध्ये पुन्हा का सांगावी, याचे उत्तर मात्र निर्माता, दिग्दर्शक आणि स्टुडिओ यांच्यात वाटले गेले होते.

मराठी प्रेक्षकाला याचे अगदी जवळचे उदाहरण आठवेल. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’वरून २०१८ मध्ये हिंदीत ‘धडक’ निघाला. व्यवसाय समाधानकारक झाला, पण समीक्षकांचा रोख एकाच गोष्टीवर राहिला : जातीचा निखारा मूळ कथेच्या मध्यभागी होता, तो हिंदीत येताना विझला. म्हणजे तिकीटबारी आणि समीक्षक यांचे निकाल ‘सिमरॉन’प्रमाणे तेथेही जुळले नाहीत, फक्त उलट्या दिशेने.

वहीत नसलेली बाजू

एडना फर्बर यांना १९६० च्या चित्रपटातून काहीही मोबदला मिळाला नाही. हक्क त्यांनी पूर्वीच विकले होते आणि रिमेकचा व्यवहार दोन स्टुडिओंत झाला होता. जाहिरातींत मात्र त्यांचे नाव ठळकपणे वापरले गेले. ते रोखण्याचा अधिकारही आपल्याला नाही, याबद्दल त्यांनी नंतर तीव्र शब्दांत लिहिले. तोटा एमजीएमचा, अपकीर्तीत वाटा लेखिकेचाही, अशी ही विभागणी होती.

दुसरी बाजू त्याहून जुनी आहे. ज्या जमिनीवर घोडदौड झाली ती रिकामी नव्हती. मस्कोगी क्रीक आणि सेमिनोल या मूलनिवासी राष्ट्रांकडून ती सरकारने घेतली होती, आणि त्यांनाही १८३० च्या दशकात आग्नेयेकडील मायभूमीतून हुसकावून तेथे आणले गेले होते. दोन्ही चित्रपटांतील यान्सी याविषयी सहानुभूतीने बोलतो, आणि बोलून झाल्यावर घोड्यावर बसतो. १९३१ आणि १९६० च्या बहुतेक समीक्षकांना त्यात विसंगती जाणवली नाही. घोडदौड किती भव्य झाली, यावरच त्यांची लेखणी अधिक रमली. आजचे अभ्यासक मात्र याच मुद्द्यापासून सुरुवात करतात. दरम्यान जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅकगर्ट विरुद्ध ओक्लाहोमा या खटल्यात, मस्कोगी राष्ट्राचे राखीव क्षेत्र काँग्रेसने कधीच रद्द केलेले नाही, असा निर्वाळा दिला.

फर्बर यांनी आपल्या काल्पनिक गावाला ज्यांचे नाव दिले त्या ओसेज लोकांची, तेलाच्या पैशासाठी त्यांच्या झालेल्या हत्यांची कथा २०२३ मध्ये मार्टिन स्कोर्सेसी यांच्या ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’मधून पडद्यावर आली. नवऱ्यावर प्रेम करणारी आणि त्याच्याच हातून फसवली गेलेली ओसेज पत्नी तिच्या मध्यभागी होती. समीक्षकांनी चित्रपटाचे स्वागत केले, दहा ऑस्कर नामांकने मिळाली आणि पुरस्कार एकही मिळाला नाही. वृत्तांनुसार खर्च सुमारे २० कोटी डॉलर होता. जगभरातील चित्रपटगृहांत जमा झाले १६ कोटींहून कमी. निर्मितीमागे अ‍ॅपलसारखी कंपनी असल्याने आणि चित्रपट पुढे तिच्या स्ट्रीमिंग सेवेवर गेल्याने, आरकेओ किंवा एमजीएमप्रमाणे त्याचा निव्वळ नफातोटा दाखवणारी वही यावेळी बाहेरच्या कोणाला पाहायला मिळालेली नाही.